ब्लूबेल म्हणजे नेमकी कोणती? नाव वाचण्यापासून कांदा लावण्यापर्यंत

इंग्लंडमध्ये बाग असलेलं घर मिळालं, त्या पहिल्याच पानगळीत मी एका नर्सरीतून पन्नास कांदे आणले. पाकिटावर निळ्याशार रानाचा फोटो आणि ठळक अक्षरांत एकच शब्द: ब्लूबेल. सफरचंदाच्या झाडाखाली हौसेने लावले. वसंतात फुलं आली, पण रानवाटेवर पाहिलेली ती ही नव्हेत. देठ शिपायासारखे ताठ, फुलं चहूबाजूंनी, पानं चांगली दोन बोटं रुंद, आणि नाक खुपसलं तरी वास म्हणून नाही. पाकिटाला खोटं म्हणता येत नव्हतं, कारण स्पॅनिश ब्लूबेल हीसुद्धा ब्लूबेलच. मीच अर्ध्या नावावर माल उचलला होता.

म्हणून हा लेख नावापासून सुरू होतो. खुरपं नंतर हातात घ्यायचं. घाई असेल त्यांनी थेट तिसऱ्या पायरीवर जावं, पण मग लेबल वाचताना अडलं तर परत इथेच यावं लागेल.

पायरी १: आधी विचारा, कुठली ब्लूबेल?

'निळी घंटा' हे नाव इतकं सोपं आहे की इंग्रजी बोलणारी माणसं जिथे जिथे गेली तिथे त्यांनी ते समोर दिसेल त्या निळ्या फुलाला देऊन टाकलं. अमेरिकेतली व्हर्जिनिया ब्लूबेल म्हणजे मर्टेन्सिया, तर टेक्सास ब्लूबेल म्हणजे युस्टोमा, जिचं नातं जेन्शियनशी. ऑस्ट्रेलियात रॉयल ब्लूबेल नावाची वालेनबर्गिया आहे, आणि १९८२पासून ती तिथल्या राजधानी प्रदेशाचं मानाचं फूल आहे. या तिघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

खरा घोळ मात्र स्कॉटलंडच्या सीमेवर होतो. इंग्लंडमधला माणूस ब्लूबेल म्हणतो ते एप्रिल-मे महिन्यात झाडांखाली फुलणारं, कांद्यातून येणारं फूल. स्कॉटलंडमध्ये ब्लूबेल म्हटलं की परंपरेने डोळ्यांपुढे येते ती कॅम्पॅन्युला रोटुंडिफोलिया: उघड्या माळावर, भर उन्हाळ्यात, दोऱ्यासारख्या देठावर डोलणारी कागदी घंटा. हिला इंग्लंडमध्ये हेअरबेल म्हणतात, म्हणजे सशाची घंटा. आणि जंगलातल्या ब्लूबेलला स्कॉटलंडमध्ये म्हणायचं 'रानटी हायसिंथ'. आता जर्मन शब्द बघा: त्यांच्याकडे जंगलातल्या ब्लूबेलचंच नाव हाजेनग्लॉक्शेन, त्याचाही अर्थ सशाची घंटा! एकच ससा, पण समुद्र ओलांडला की दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसतो.

मला या सगळ्यांत वेल्श नाव सर्वांत आवडतं: क्लिखाइर गोग, कुकू पक्ष्याच्या घंटा. कुकू एप्रिलमध्ये येतो आणि त्याच सुमारास रान निळं होतं. नावातच पंचांग आहे.

इथून पुढे मी ब्लूबेल म्हणेन ती फक्त कांद्याची. बाकीच्या चौघींना कांदा नसतो, त्यामुळे ही पहिली चाळणी. उकरून बघायची गरज नाही. पट्ट्यासारखी गुळगुळीत पानं सगळीच्या सगळी जमिनीतून वर आली असतील आणि फुलाच्या देठावर एकही पान नसेल, तर खाली कांदा आहे असं समजायला हरकत नाही. आपल्याकडचा रानकांदा पाहिलेल्यांना ही ठेवण ओळखीची वाटेल. तो आणि ब्लूबेल दोघंही शतावरीच्या कुळातले, त्यातही एकाच उपकुळातले. जुन्या पुस्तकांत मात्र ब्लूबेल लिलीच्या कुळात सापडते.

पायरी २: लॅटिन नाव फोडून वाचा

आजचं मान्य नाव हायसिंथॉइडिस नॉन-स्क्रिप्टा. शब्दशः अर्थ: 'हायसिंथसारखी, न लिहिलेली'. न लिहिलेली म्हणजे काय, ही गंमत समजली की नाव पुन्हा विसरत नाही.

ग्रीक कथेत हायसिंथस नावाचा देखणा तरुण अपोलोच्या थाळीफेकीत थाळी लागून मरतो. त्याच्या रक्तातून फूल उगवतं आणि शोकाने व्याकूळ अपोलो त्या फुलाच्या पाकळ्यांवर स्वतःचा विलाप लिहितो: आय, आय. (कळ आली की आपल्या तोंडून 'आई गं' निघतं, ग्रीकांचंही फार वेगळं नव्हतं.) ते अक्षरं लिहिलेलं फूल कोणतं, यावर पंडितांचं आजवर एकमत नाही. एक दावेदार लार्कस्पर. तिच्या फुलावर खरोखर अक्षरांसारख्या रेघा दिसतात. त्याच अक्षरांची कथा एजॅक्स या योद्ध्याच्या बाबतीतही सांगतात, आणि लार्कस्परच्या शास्त्रीय नावातलं 'अजासिस' त्याच्यावरूनच आलं आहे. कुंडीत लावतो त्या सुगंधी हायसिंथवर मात्र अक्षर शोधूनही सापडत नाही.

युरोपातल्या वनस्पतीतज्ज्ञांना रानातलं हे निळं फूल हायसिंथसारखं वाटलं, पण पाकळी कोरी होती. लिनियसने १७५३मध्ये त्याची नोंद केली ती हायसिंथस नॉन-स्क्रिप्टस अशी: कोरा हायसिंथ. जे नाही त्यावरून पडलेलं हे नाव.

पुढे प्रजाती बदलत गेली. कोणी तिला सिल्लामध्ये टाकलं, कोणी अॅग्राफिस ही वेगळी प्रजाती केली (तिचाही अर्थ 'न लिहिलेली', म्हणजे कोरेपणा विशेषणातून थेट आडनावात गेला), कोणी एन्डिमियन म्हटलं. हा एन्डिमियन म्हणजे चंद्रदेवी ज्याच्यावर भाळली तो झोपाळू मेंढपाळ. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकातल्या अनेक पुस्तकांत एन्डिमियन नॉन-स्क्रिप्टस हेच नाव मिळतं, त्यामुळे जुनं पुस्तक हातात आलं तर गोंधळू नका. सिल्ला नॉन-स्क्रिप्टा, सिल्ला न्यूटन्स, अॅग्राफिस न्यूटन्स, एन्डिमियन नॉन-स्क्रिप्टस ही सगळी एकाच फुलाची जुनी नावं. 'न्यूटन्स'चा शास्त्रज्ञ न्यूटनशी संबंध नाही, त्याचा अर्थ 'मान झुकवलेली'. ओळखीसाठी खरं तर हेच सगळ्यांत कामाचं नाव होतं. पण आधीचं विशेषण टिकतं या नियमाने ते मागे पडलं.

कधी नॉन-स्क्रिप्टस आणि कधी नॉन-स्क्रिप्टा असं का, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. हायसिंथस पुल्लिंगी, हायसिंथॉइडिस स्त्रीलिंगी. कोरा कागद, कोरी वही. नाम बदललं की विशेषणाने मुकाट्याने लिंग बदलायचं. मूळ शब्द तोच आहे, एवढं लक्षात असलं की दोन लेबलांवरची दोन नावं वेगळ्या वनस्पतींची वाटत नाहीत.

नावाच्या शेवटी '(ल.) शुआर एक्स रोथम.' असं काही दिसलं तर ते असं वाचा: कंसातला 'ल.' म्हणजे ज्याने प्रथम नाव दिलं तो लिनियस. फ्रेंच शुआरने हे नाव सुचवलं आणि जर्मन रोथमालरने १९४४मध्ये ते नियमानुसार प्रसिद्ध केलं. कंस म्हणजे 'प्रजाती नंतर बदलली आहे' अशी खूण.

आता पाकीट हातात घ्या. त्यावर या तीनपैकी काय लिहिलं आहे ते बघा:

हायसिंथॉइडिस नॉन-स्क्रिप्टा: ब्रिटनची देशी ब्लूबेल.
हायसिंथॉइडिस हिस्पॅनिका: स्पॅनिश. जुन्या याद्यांमध्ये सिल्ला कॅम्पॅन्युलाटा किंवा एन्डिमियन हिस्पॅनिकस.
हायसिंथॉइडिस × मासार्टियाना: दोघींची संकरित. मधला गुणाकार म्हणजे संकर. तो 'एक्स' म्हणून वाचायचा नसतो.

नुसतं 'ब्लूबेल' लिहिलं असेल, किंवा 'इंग्लिश ब्लूबेल' लिहून खाली लॅटिन नावच नसेल, तर पाकीट परत ठेवा. माझे पन्नास कांदे आठवा.

पायरी ३: फुलाजवळ बसा, तोडू नका

नावाने दिलेली खात्री कागदावरची, पडताळायची ती जमिनीवर. योग्य काळ एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. एकाच झाडावरून निवाडा देऊ नका. ताटव्यातली दहा-बारा तरी बघा. सोबत छोटी पट्टी आणि भिंग असू द्या.

सुरुवात मानेपासून. देशी ब्लूबेलचा देठ टोकाकडे धनुष्यासारखा वाकतो आणि फुलं बहुतेक एकाच बाजूला लोंबतात. स्पॅनिशचा देठ सरळ, फुलं चहूकडे. यात एक मेख आहे: कळ्या असताना देशी देठही बऱ्यापैकी उभा असतो, आणि फुलं जाऊन बोंडं धरली की परत ताठ होतो. त्यामुळे 'ताठ आहे म्हणजे स्पॅनिश' हा निष्कर्ष ऐन बहरातच काढायचा.

मग फुलाचा आकार. देशी फूल अरुंद नळीसारखं, दोन्ही कडा जवळजवळ समांतर आणि पाकळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला गुंडाळलेली, लाकडाच्या सालपटासारखी. स्पॅनिश फूल घंटेसारखं पसरट. टोकं बाहेर फाकतात, पण वळत नाहीत.

यानंतर परागकण, आणि मला विचाराल तर हीच सर्वांत भरवशाची खूण. नुकत्याच उमललेल्या फुलाला खालून हलकेच वर करा आणि आत बघा. देशीचे परागकोश मलईच्या रंगाचे, फिके पिवळसर-पांढरे. स्पॅनिशचे निळे किंवा हिरवट-निळे. संकरितांत दोन्हींच्या मधलं काहीही. जुन्या फुलात पराग गळून गेलेले असतात आणि उरलेला कोश वाळून रंग बदलतो, तेव्हा ताजंच फूल निवडा.

पानाची रुंदी मोजा: देशीची साधारण एक ते दीड सेंटिमीटर, स्पॅनिशची तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. सावली-उन्हाने पान थोडं कमीजास्त होतं, म्हणून एकट्या पानावर भरवसा नको. शेवटी वास. देशीला गोड, दाट सुगंध असतो. उबदार दुपारी रानाच्या तोंडाशीच तो येतो. स्पॅनिशला जवळजवळ नाही.

रंग मी मुद्दाम यादीत घेतला नाही. देशी ब्लूबेल कधी पांढरी तर क्वचित गुलाबीही असते, आणि स्पॅनिशही निळी असतेच.

पाचही खुणा एका बाजूला पडल्या तर प्रश्न मिटला. दोन इकडे, तीन तिकडे असं झालं तर बहुधा संकरित. शहराजवळच्या बागांमध्ये आणि रस्त्याकडेला मला हीच सर्वाधिक भेटते. स्पॅनिश ब्लूबेल सतराव्या शतकात बागेसाठी आणली गेली आणि १९०९मध्ये ती बागेबाहेर रानटी वाढताना नोंदली गेली. पुढे दोघींची सरमिसळ होत राहिली.

फसवणाऱ्या आणखी दोघी आहेत. मस्कारीची फुलं द्राक्षाच्या घडासारखी आणि तोंडाशी आवळलेली असतात. सिल्लाची फुलं ताऱ्यासारखी उघडी. भिंगातून एक खूण बघता येते: ब्लूबेलच्या प्रत्येक फुलाच्या बुडाशी दोन छोटी पातळ पानं, म्हणजे छदं, असतात, सिल्लाला एक असतं किंवा नसतंच.

पायरी ४: रानात पाय कुठे ठेवायचा

ही पायरी सगळ्यांना माहीत असते आणि फोटोच्या नादात सगळे विसरतात.

ब्लूबेल झाडांच्या आधी जागी होते. ओक आणि बीचला पालवी फुटून वर छत झाकलं जाण्यापूर्वी जो महिना-दीड महिना ऊन जमिनीपर्यंत पोहोचतं, तेवढ्यात तिला वर्षाची बेगमी करायची असते. पान तुडवलं गेलं की ती बेगमी बुडाली. फूल खुडण्याने होणारं नुकसान त्यामानाने कमी. पान मेलं की कांदा उपाशी. एका दुपारच्या तुडवणुकीतून ताटवा सावरायला कित्येक वर्षं लागतात. मळलेली वाट सोडू नका. आडवं झोपून फोटो काढायचाच असेल तर वाटेवर झोपा.

पसरण्याचा वेगही मुंगीच्या पावलाचा. बी जिथल्या तिथे पडतं, आणि बीपासून फूल यायला पाच ते सात वर्षं. त्यामुळे दाट ब्लूबेल दिसली की ते रान जुनं असण्याची शक्यता मोठी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १६००पासून, तर स्कॉटलंडमध्ये १७५०पासून सलग टिकून असलेल्या जंगलाला 'प्राचीन वन' म्हणतात, आणि तिथे ब्लूबेल ही अशा वनाची एक खूण मानली जाते. एकट्या खुणेवर जाऊ नये, जुन्या कुंपणाच्या कडेला किंवा पश्चिमेकडच्या दमट उघड्या उतारांवरही ती असते.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे. १९९८मध्ये ब्लूबेलला त्याच कायद्याच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, ती विक्रीपुरती: रानातून काढलेले कांदे किंवा बी विकता येत नाही, मालकालाही नाही.

आणि खाण्याचं. याच रानात याच वेळी रानलसूण उगवते आणि लोक तिची पानं गोळा करतात. ब्लूबेलचे सर्व भाग विषारी आहेत आणि तिची पानं त्या गर्दीत सहज मिसळतात. मूठभर न ओरबाडता एकेक पान बघून तोडा. हातालाच लसणीचा वास लागला असेल तर वास घेऊन खात्री करण्यात अर्थ उरत नाही.

पायरी ५: लावायची असेल तर

प्रथम जागा. पानगळीच्या झाडाखाली, जिथे वसंतात ऊन आणि उन्हाळ्यात सावली असते. माती कुजलेल्या पाल्याची, ओलसर पण पाणी न साचणारी. घराजवळ जुनं रान असेल तर स्पॅनिश किंवा संकरित अजिबात लावू नका. मधमाश्या कुंपण मानत नाहीत.

मग विक्रेता. लॅटिन नाव विचारा, आणि हे कांदे नर्सरीतच बीपासून वाढवले आहेत का तेही विचारा. उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडून घेऊ नका. पानगळीत कोरडे कांदे मिळतात: साधारण दहा सेंटिमीटर खोल, दोन कांद्यांत तितकंच अंतर, टोक वर. रांगेत लावू नका. मूठभर कांदे जमिनीवर टाका आणि पडले तिथेच पुरा, नाहीतर ताटवा कवायतीला उभा राहिल्यासारखा दिसतो. हातमोजे घाला, रसाने कातडीला खाज येते. हे कांदे मिळाले की लगेच लावायचे, शेडमध्ये ठेवून दिले तर सुकतात.

दुसरी पद्धत, आणि मला तीच जास्त जमते: फुलं संपताना पानांसकट रोप विकत घ्यायचं. त्याच्या देठावर पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो ती रेघ दिसते. मातीची पातळी तिथपर्यंत. लावल्यावर पाणी, आणि पानं पिवळी पडली तरी कापायची नाहीत, गाठी मारायच्या नाहीत. एकदा रुजल्यावर कांदा आपल्या आकुंचन पावणाऱ्या मुळांनी स्वतःला आणखी खाली ओढून घेतो. नंतर हलवायला गेलात की कळेल किती खाली ते.

बी पेरणं स्वस्त आणि संयमाचं काम. आपल्याच बागेतल्या, खात्रीच्या देशी रोपांवरची बोंडं उन्हाळ्यात तडकली की काळं चकचकीत बी लगेच ट्रेमध्ये पेरा, वर पातळ पाल्याची माती, आणि ट्रे बाहेरच ठेवा. उन्हाळ्याची ऊब आणि मग पानगळीचा गारवा, या क्रमानेच ते उगवतं. पहिल्या वर्षी गवताच्या काडीसारखं एकच पान येईल. तण समजून उपटू नका; मी एकदा उपटलं आहे.

पायरी ६: चुकीची लावली गेली असेल तर

फुलं सरत आली की बोंडं धरण्याआधी देठ कापा, म्हणजे निदान बी पसरणार नाही. मग पानं हिरवी असतानाच खणा, कारण एकदा पानं गेली की कांदे कुठे आहेत याचा पत्ता लागत नाही. फावडं खोल घाला. छोटे पिल्लूकांदे मातीत राहतात आणि पुढच्या वर्षी तोंड वर काढतात, म्हणून दोन-तीन वर्षं पिच्छा पुरवावा लागतो. निघालेले कांदे घरच्या खतात ताजे टाकू नका, तिथून ते परत उगवतील. काळ्या पिशवीत घट्ट बांधून पूर्ण कुजेपर्यंत ठेवा. रानाच्या कडेला फेकणं तर मुळीच नको. स्पॅनिश ब्लूबेल रानाजवळ पोहोचते त्यात अशा फेकलेल्या कांद्यांचा वाटा मोठा.

त्याच वेळी, घाबरून शेजाऱ्याच्या बागेत घुसण्याचीही गरज नाही. एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संशोधनात देशी ब्लूबेलची प्रजननक्षमता परक्या वाणांपेक्षा चांगली असल्याचं दिसलं आहे. घनदाट रानात लाखोंच्या संख्येने असलेली देशी सहजासहजी हरणारी नाही. जपायचं ते रानाच्या कडेला.

पायरी ७: नोंद

पाहिलेली ब्लूबेल वहीत लिहायची तर तारीख, जागा, अंदाजे किती, आणि पूर्ण लॅटिन नाव. पाच खुणांपैकी कोणत्या तपासल्या तेही लिहा; पाच वर्षांनी ती टीप नावापेक्षा जास्त उपयोगी पडते. खात्री नसेल तर फक्त 'हायसिंथॉइडिस' एवढंच लिहून थांबा. चुकीच्या जातीपेक्षा अपुरं नाव बरं. फोटो तीन हवेत: पूर्ण देठ बाजूने, फुलाच्या आतले परागकोश, आणि पट्टी शेजारी धरलेलं पान.

माझ्या सफरचंदाखालचे कांदे काढायला तीन वसंत लागले. परागकोश बघितल्यावर कळलं, त्या स्पॅनिशसुद्धा नव्हत्या, संकरित होत्या. कुंपणाच्या गुलाबाखाली अजून चार-पाच उगवतात. तिथे मी लाकडी पट्टी रोवली आहे आणि तिच्यावर गुणाकाराच्या खुणेसकट पूर्ण नाव लिहिलं आहे. पलीकडच्या ट्रेमध्ये नॉन-स्क्रिप्टाची काडीसारखी पानं आहेत, वर्ष दुसरं.